दुधपित्या बाळाला साखरेचा आजार



पालकसभा आटोपली, बायका मुलांना घेऊन घरी निघाल्या, तरी पाचवीतल्या एका मुलीची अम्मी बाकावरून उठेनात. आम्ही हजेरीपट मिटून जवळ गेलो, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "टीचर, तुम्ही मासिकात लिहिता ना? मग एवढं सांगा. दोन महिन्यांच्या बाळाला शुगर होते का? आमच्या माहेरी झालीय, आणि सगळे भाभीलाच बोल लावतायत."

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आज ती त्या घराच्या परवानगीने, नावगाव गाळून लिहितो आहोत. त्या घरची इच्छा एवढीच आहे की, त्यांना जे उशिरा कळले ते दुसऱ्यांना वेळेवर कळावे.

झाले होते असे. बाळ जन्मले तेव्हा वजनाने जरा कमी होते, बाकी ठीक. चाळीस दिवस झाले तरी अंग धरेना. दूध मात्र सारखे मागायचे. रात्रीतून दहा-बारा दुपटी ओली व्हायची. एकदा दादी म्हणाली, "अगं, याच्या लंगोटाला मुंग्या लागल्यात." सगळे हसले. गोड पोरगा आहे म्हणाले. आठवडाभरात बाळ मलूल झाले, टाळू खोल गेली, श्वास भरभर चालू लागला. दवाखान्यात आधी छातीत कफ समजून औषध दिले. मोठ्या दवाखान्यात एका नर्सने टाचेला सुई टोचून साखर तपासली, तर यंत्रावर आकडाच येईना, नुसते 'हाय' असे इंग्रजी अक्षर उमटले. यंत्राला मोजता येण्यापेक्षाही साखर जास्त होती.

बाळ वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण घरात वेगळेच सुरू झाले. कोणी म्हणाले, भाभीने पोटुशी असताना शीरखुर्मा आणि पेढे फार खाल्ले. कोणी म्हणाले, जन्मल्यावर ओठांना खजूर लावला तेव्हाच साखर चढली. कोणी नजर काढली. आणि याआधी याच जोडप्याची एक मुलगी तीन महिन्यांची असताना 'तापाने' गेली होती, तिचाही ठपका त्याच आईच्या माथी आला.

आम्ही डॉक्टर नाही. पण प्रश्न विचारला गेला, तर उत्तर शोधणे शिक्षकाचे काम. पुस्तके चाळली, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारले. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो आहोत.

हा आजार काय आहे?

पहिल्या सहा महिन्यांत होणाऱ्या मधुमेहाला नवजात मधुमेह म्हणतात. तो फार दुर्मिळ आहे, साधारण लाखभर जन्मांत एखादे बाळ असे समजा. शाळकरी मुलांना जो मधुमेह होतो, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. तो सहा महिन्यांच्या आत क्वचितच दिसतो. नवजात मधुमेहाची तऱ्हा वेगळी. इथे बहुतेक वेळा एकाच जनुकात, म्हणजे आईबापांकडून आलेल्या सूचनांच्या एकाच ओळीत, चूक असते. त्यामुळे इन्सुलिन तयार होत नाही, किंवा तयार होऊनही पेशीबाहेर पडत नाही.

अशी बाळे जन्मतःच लहानखुरी का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचे टॉनिक असते. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. बाळाला आपले इन्सुलिन आपणच बनवावे लागते. ते बनले नाही तर वाढ खुंटते.

म्हणजे आईने खाल्लेला शीरखुर्मा, पेढे किंवा ओठांना लावलेला खजुराचा कण यांचा या आजाराशी काही संबंध नाही. पेशीतल्या सूचनेतली चूक गर्भ राहण्याच्या क्षणीच ठरलेली असते. हे आम्ही त्या बाईंना सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे तुम्ही आमच्या अम्मींना येऊन सांगाल?"

शरीरातल्या व्यंगांशी नाते

आता दुसरा भाग, जो ऐकायला जड आहे. एकच जनुक शरीरात अनेक ठिकाणी कामाला असते. स्वादुपिंड घडवणारे जनुक हृदय घडवण्यातही हात लावते. म्हणून काही बाळांत मधुमेहासोबत दुसरे जन्मजात दोषही दिसतात.

'गाटा-6' नावाच्या जनुकात दोष असेल तर स्वादुपिंड नीट तयारच होत नाही आणि बहुतेकदा हृदयातही दोष असतो. 'ग्लिस-3' या जनुकाच्या दोषात मधुमेहासोबत थायरॉइड कमी असते, काहींना काचबिंदू आणि मूत्रपिंडाचे विकार असतात. असे रुग्ण प्रथम सौदी अरेबियातल्या एका कुटुंबात आढळले. तात्पुरत्या स्वरूपाचा जो नवजात मधुमेह आहे, त्यातल्या काही बाळांची जीभ मोठी असते, काहींची बेंबी बाहेर आलेली असते. हा मधुमेह बहुधा वर्ष-दीड वर्षाच्या आत आपोआप जातो. पण वयात येताना अनेकांना तो पुन्हा गाठतो, म्हणून 'बरे झाले' म्हणून विसरून जायचे नाही.

आणि मग येतो तो प्रकार, जो आमच्या ओळखीच्या घरात निघाला. 1972 साली वॉल्कॉट आणि रॅलिसन या डॉक्टरांनी काही भावंडांमध्ये एक आजार पाहिला. तान्हेपणी मधुमेह, आणि पुढे हाडांच्या टोकांची वाढ बिघडलेली. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. 2000 साली त्याचे जनुक सापडले. या मुलांची उंची कमी राहते, चाल डुलती होते, आणि साध्या तापानंतरही यकृत अचानक काम सोडू शकते. जिथे नात्यात लग्ने जास्त होतात, तिथे कायमस्वरूपी नवजात मधुमेहाचे सर्वात मोठे कारण हाच आजार आहे.

बाळाच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि तोच निघाला. तीन महिन्यांची असताना गेलेली ती मुलगी बहुधा याच आजाराची होती, असे डॉक्टरांनी सांगितले. आता कोणाला सिद्ध करता येणार नाही. पण त्या आईच्या मनावरचा दगड त्या दिवशी हलला.

नात्यातले लग्न: इजाजत आहे, हुकूम नाही

बाळाचे अम्मी-अब्बा खालाजाद. म्हणजे दादी आणि नानी सख्ख्या बहिणी. ज्या सुनेला दादी बोल लावत होती, ती तिच्याच बहिणीची मुलगी.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक अम्मीकडून, एक अब्बाकडून. घराला दोन किल्ल्या असाव्यात तसे. एक किल्ली हरवली तरी दुसरीने कुलूप उघडते, कोणाला पत्ताही लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाकडे अशा काही हरवलेल्या किल्ल्या असतात. नवरा-बायको एका घराण्यातले असले, तर दोघांकडे तीच किल्ली हरवलेली असण्याची शक्यता वाढते, कारण दोघांना ती एकाच आजी-आजोबांकडून आलेली असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक. 'एकाला झाले, आता पुढची तीन सुटली' असे मात्र नाही. नाणे दर वेळी नव्याने उडवले जाते.

इथे समतोल राखून बोलायला हवे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, हजारो बाळांचा अभ्यास झाला आणि तो 2013 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात जन्मजात दोषांचे प्रमाण एरवी साधारण 3 टक्के, तर सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात साधारण 6 टक्के आढळले. म्हणजे धोका दुप्पट होतो हे खरे, आणि शंभरातली चौऱ्याण्णव बाळे निरोगी जन्मतात हेही खरे.

हा केवळ मुस्लिम समाजाचा प्रश्न आहे असेही नाही. महाराष्ट्रात अनेक हिंदू समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, दक्षिणेत तर मामा-भाचीची लग्नेही होतात. आणि नवजात मधुमेहाचे कितीतरी प्रकार असे आहेत की त्यांत आईबापांचे काही नाते नसते. चूक बाळातच नव्याने घडलेली असते. म्हणून कोणाच्या घरी असे बाळ दिसले, की लगेच 'नात्यात केलं असेल' म्हणून बोट दाखवू नये.

पण आपल्यापुरते आपण एवढे समजून घेऊ की, दीनमध्ये अशा लग्नाची इजाजत आहे, हुकूम नाही. ज्या घराण्यात एखादे मूल असे जन्मले, किंवा तान्ही मुले कारण न कळता दगावली, तिथे पुढचा रिश्ता ठरवण्याआधी थांबून तपासणी करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. सौदी अरेबियातही 2004 पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची रक्ततपासणी सक्तीची आहे. उंट बांधून मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

गोळीने सुई सुटते, पण सगळ्यांची नाही

सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला, तर जनुकीय तपासणी करायलाच हवी. त्याचे कारण मोठे आहे. काही बाळांत इन्सुलिन तयार होते, पण अडकून राहते. पेशीच्या भिंतीवर एक बारीक दार असते. साखर वाढली की ते मिटायला हवे, तेव्हाच इन्सुलिन बाहेर सुटते. जनुकातल्या दोषामुळे ते दार उघडेच राहते. 2004 साली इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोषाचे मुख्य जनुक दाखवून दिले. गंमत अशी की, ते दार मिटवणारी गोळी डॉक्टरांकडे कित्येक दशकांपासून होती. ग्लिबेनक्लामाइड, जी मोठ्या माणसांच्या मधुमेहात सर्रास देतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 49 रुग्णांना त्या गटातल्या गोळ्या दिल्या, आणि 44 जणांचे इन्सुलिन सुटले. सुई घेत वाढलेली मुले गोळीवर आली.

हेच दार मेंदूतही असते. म्हणून यातल्या काही बाळांना आकडी येते, मान धरायला आणि बसायला उशीर होतो. गोळी लवकर सुरू झाली तर त्यातही फरक पडू शकतो. तपासणीची घाई करायची ती यासाठी. आपल्या देशात चेन्नईची मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन ही संस्था अशा बाळांच्या जनुकीय तपासणीचे काम करते. एक्सेटरच्या प्रयोगशाळेने जगभरातल्या अशा बाळांच्या तपासण्या विनामूल्य केल्या आहेत. आपल्या बालरोगतज्ज्ञांना 'नमुना कुठे पाठवता येईल' असे स्पष्ट विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नका. तिचा डोस रुग्णालयात, साखर तपासत तपासत ठरवावा लागतो.

आमच्या ओळखीच्या बाळाला ही गोळी लागू पडणारी नव्हती. त्याच्या आजारात पेशीच टिकत नाहीत. त्याला इन्सुलिनच लागते, आणि लागत राहील.

आईचा मधुमेह ही वेगळी गोष्ट

बायका हमखास विचारतात, "मला शुगर आहे, मग बाळालाही होईल का?" या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. मधुमेही आईच्या बाळाला जन्मताना सहसा मधुमेह नसतो. उलट जन्मल्यावर त्याची साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. पोटात असताना आईकडून जास्त साखर मिळत होती, म्हणून बाळ भरपूर इन्सुलिन बनवत होते. नाळ कापली, साखर बंद झाली, इन्सुलिन मात्र उरले. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे आणि दवाखान्यात त्याची साखर तपासून घ्यावी.

मात्र ज्या स्त्रीला गर्भ राहण्याआधीपासून मधुमेह आहे आणि तो ताब्यात नाही, तिच्या बाळाला हृदयाचे, पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष होण्याचा धोका वाढतो. बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन दवाखाना गाठेपर्यंत निम्मी वेळ निघून गेलेली असते. म्हणून अशा भगिनींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखर शक्य तर साडेसहाच्या खाली आणावी, आणि फॉलिक अॅसिडची गोळी आधीपासून सुरू करावी. गरोदरपणातच उत्तरार्धात होणाऱ्या मधुमेहाने सहसा व्यंग येत नाही, पण बाळ अंगाने फार मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते. सरकारी दवाखान्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी जी तपासणी करतात, ती याचसाठी. पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. 'गोड पाणी नको, उलटी होते' म्हणून टाळू नका.

घरच्यांनी काय पाहावे?

बाळ सारखे दूध मागते आणि तरी वजन वाढत नाही. दुपटी नेहमीपेक्षा खूप जास्त ओली होतात, लघवी वाळली की चिकट लागते, मुंग्या येतात. टाळू खोल, तोंड कोरडे, बाळ मलूल. उलट्या, आणि ताप नसताना भरभर श्वास. यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि स्वतः म्हणा, "डॉक्टरसाहेब, बाळाची साखर एकदा बघा." टाचेच्या एका थेंबात हे काम होते. सकाळची वाट पाहू नका, कारण अशी बाळे काही तासांत बेशुद्ध होऊ शकतात.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची साखर सलाइनमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे थोडे दिवस वाढते, तो मधुमेह नव्हे. आणि तान्ह्या बाळासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी भरवशाची नसते, कारण त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते.

मधुमेह ठरला तरी आईचे दूध बंद करायचे नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीज नसेल तर पाण्याच्या मातीच्या माठाचा गारवा चालतो, बाटली मात्र कोरडी राहील अशी डबीत ठेवावी. इतर जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जो 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी मुलांना मोठ्या दवाखान्यात पाठवतात. आशाताईंना विचारा.

आणि दुआ? दुआ जरूर करा. आजाराबरोबर इलाजही उतरवला आहे, असे आपण मानतो. मग इलाज शोधणे हीदेखील दुआचीच दुसरी बाजू नाही का?

त्या घरी पुढे काय झाले?

एका रविवारी आम्ही त्या घरी गेलो. दोन्ही बहिणी, दादी आणि नानी, समोर बसल्या होत्या. आम्ही दोन किल्ल्यांची गोष्ट सांगितली. दादींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे एक बिघडलेली किल्ली माझ्याकडूनही गेली असेल?" आम्ही म्हणालो, "असेल. तुमची आणि तुमच्या बहिणीची, दोघींची, तुमच्या अम्मी-अब्बांकडून आलेली. यात कसूर कोणाचाच नाही." त्या उठल्या, स्वयंपाकघरात सुनेजवळ गेल्या. आत काय बोलल्या ते आम्ही ऐकले नाही.

पण खरा पेच वेगळाच होता. त्याच घरात धाकट्या मुलाचे लग्न सुनेच्या धाकट्या बहिणीशी ठरले होते. पुन्हा खालाजाद. जबान दिलेली, साखरपुडा झालेला. आम्ही फळ्यावर मांडतो तसे गणित मांडले. मुलाच्या भावाकडे बिघडलेली प्रत आहे, तर याच्याकडे असण्याची शक्यता दोनात एक. मुलीचेही तसेच. दोघांकडे असण्याची चारात एक. आणि मग बाळाला आजार होण्याची सोळात एक. लाखात एक असलेला आजार सोळात एकावर आला. पण घराण्यातली नेमकी चूक आता माहीत असल्यामुळे दोघांचे रक्त तपासून छडा लावता येत होता. दोघांपैकी एकाची जरी दोन्ही पाने कोरी निघाली, तर भीती जवळजवळ संपते.

मुलाचे अब्बा म्हणाले, "रिश्ता मोडल्याचं लोक काय म्हणतील?" उत्तर धाकटीनेच दिले. पडद्याआडून म्हणाली, "खालू, मी आपाचं पोर रात्री-अपरात्री बघते. तपासणी करू, मगच तारीख ठरवू."

तपासणी झाली. तिचा अहवाल स्वच्छ आला. लग्न झाले.

बाळ आता तीन वर्षांचे आहे. उंची कमी आहे, चाल जरा डुलती आहे. ताप आला की घर जागे होते, कोणी आपल्या मनाने औषध देत नाही, थेट दवाखाना. पुढे काय वाढून ठेवले आहे ते डॉक्टरांनी लपवलेले नाही. दिवसातून चार वेळा सुई असते. सकाळची सुई दादी देते. चष्मा लावून, बिस्मिल्ला म्हणून, आकडा दोनदा बघून. तिला ते नर्सने शिकवले. आम्ही गेलो की ती वही पुढे करते, ज्यात साखरेचे आकडे उर्दूत लिहिलेले असतात, आणि विचारते, "टीचर, हिशेब बरोबर आहे ना?"

हिशेब बरोबर असतो. अल्लाह त्या लेकराला आणि आपल्या सगळ्यांच्या लेकरांना आपल्या हिफाजतीत ठेवो. आमीन.